चांगलं लाकूड लागेपर्यंत

रुग्णालयात तिला सगळे मधलीबाई म्हणत. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पेशंट आणि मधल्या स्टुलावर ही. डॉक्टर बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, ते इंग्रजीत बोलत, पेशंट मराठीत, आणि दोघांचं बोलणं हिच्या तोंडून इकडचं तिकडे जाई. हे नाव कुणा नर्सने थट्टेत ठेवलं आणि ते असं चिकटलं की तिच्या ओळखपत्रावरचं खरं नाव वाचायची तसदी पुढे कोणी घेतली नाही. घरी सासूबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना मुळीच पटलं नाही. "मधली कुठली? एकुलती एक सून आहेस माझी. थोरली, मधली, धाकटी, सगळी तूच," असं म्हणून त्या शेंगा सोलत बसल्या.

बाई बुटकी, भरभर चालणारी, चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा घरभर शोधणारी. आधी एका शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायची. शाळा बंद पडली. नवरा बसच्या गॅरेजात मेकॅनिक, पण हातावर हात ठेवून बसणं हिच्या स्वभावात नव्हतं. रुग्णालयाला दुभाषी हवेत असं कळलं आणि ही जाऊन उभी राहिली. मुलाखतीत विचारलं, रक्त बघून घाबरणार नाही ना? ती म्हणाली, "चौथीचा वर्ग सांभाळलाय मी, रक्ताचं काय घेऊन बसलात?" नोकरी मिळाली.

दुभाष्यांचे प्रमुख म्हणजे साहेब. सडपातळ, इस्त्रीतले, बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहणारे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. जे बोललं गेलं तेच आणि तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, बोललेलं काही गाळायचं नाही, आणि डॉक्टर उठले की आपणही उठायचं. मधलीबाईला हा नियम मनापासून पटला होता. कारण दुभाषी नसला की पेशंटचा मुलगा नाहीतर जावई मध्ये उभा राहतो, आणि डॉक्टर पाच मिनिटं बोलले तरी हा वडिलांना सांगतो, "काही नाही हो बाबा, टेन्शन घेऊ नका." त्या बाबांच्या आजाराचा बाबांनाच पत्ता नसतो. याची तिला भयंकर चीड होती.

पण नियमात एक भोक होतं, आणि ते तिला सासूबाईंमुळे कळलं होतं. सासूबाईंना काहीही सांगितलं की त्या मान डोलावत. मीठ कमी खा, हो. उन्हात जाऊ नका, हो. संध्याकाळी बघावं तर त्या उन्हातून येऊन पापडाचा डबा उघडून बसलेल्या. त्यांची मान म्हणजे होकार नव्हे, पोच होती. तुझं बोलणं मिळालं, आता जा. आणि वॉर्डात तिला जिकडे तिकडे सासूबाईच दिसायला लागल्या. डॉक्टर बोलत, ती सांगे, पेशंट मान डोलावे, डॉक्टर समाधानाने पुढच्या पलंगाकडे जात. पेशंटला काय कळलं ते देवाला ठाऊक. म्हणून तिने आपल्यापुरती एक पद्धत पाडली. सांगून झालं की ती म्हणे, "आता मला सांगा बघू, काय म्हणाले ते." पुष्कळदा त्या प्रश्नावर जी शांतता पसरे, ती ऐकण्यासारखी असे.

साहेबांनी सगळ्या दुभाष्यांना इंग्रजी शब्द आणि त्यांपुढे मराठी शब्द असं एक छापील बाड दिलं होतं. त्यात रॅम्पंट या शब्दापुढे लिहिलं होतं, अनिर्बंध. मधलीबाईने ते वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"साहेब, अनिर्बंध कोण म्हणतं हो घरात? तुमच्या स्वयंपाकघरात झुरळं झाली तर वहिनी काय म्हणतात? अहो, झुरळं अनिर्बंध झालीत?"

"बाई, अर्थ तोच आहे. एका शब्दाला एक शब्द."

"इंग्रजीत तो एक शब्द कुठेही जाऊन बसतो. आपल्याकडे आधी विचारतात, काय वाढलंय? झुरळांचा सुळसुळाट होतो. तण माजतं. लाचखोरी बोकाळते. साथ थैमान घालते. क्लासेसचं पेव फुटतं. एकाचा शब्द दुसऱ्याला लावून बघा. लाचखोरीचा सुळसुळाट एक वेळ चालेल, पण झुरळं बोकाळली म्हटलं तर वहिनी हसतील."

साहेबांनी पेन्सिल सरळ केली आणि बाड बदलता येणार नाही असं सांगितलं. मग ही त्या शब्दाच्या मागेच लागली. जो भेटेल त्याला विचारायची. भाजीवाल्याला विचारलं, दुधीचा वेल हाताबाहेर गेला तर काय म्हणता? तो म्हणाला, फोफावला म्हणतो, पण ते कौतुकानं. कौतुक संपलं की कापतो. तिला हे फार महत्त्वाचं वाटलं. इंग्रजी शब्दात कौतुकाचा अंश नव्हता. ती वाढ नको असलेली, कोणाला न जुमानणारी, आणि कोणी आडवं आलं नाही तर सगळं खाऊन टाकणारी. तेव्हा फोफावणं बाद. बेसुमार चालेल, पण बेसुमार तर गर्दीही असते आणि खर्चही. त्यात नुसती मोजदाद आहे, भीती नाही. जेवताना नवऱ्याचा नंबर लागला.

"गंज?"

"चढतो."

"अफवा?"

"पिकतात."

"आणि आटोक्यात न येणारं आणखी काय असतं हो तुमच्या गॅरेजात?"

"तुझे प्रश्न," नवरा म्हणाला. "भात वाढ."

असं सगळं चाललं असताना तो सुतार वॉर्डात आला.

पन्नाशीचा, रुंद पंजाचा, कमी बोलणारा माणूस. साखरेचा आजार जुना. चपलेतून खिळा पायात घुसला होता आणि त्याला ते कळलंच नव्हतं, कारण साखरेने पावलातली जाणीव मरून गेली होती. आता पाऊल बँडेजमध्ये उशीवर ठेवलेलं, दोन बोटं काळी पडलेली, आणि तो निघायच्या तयारीत. बायको पिशवी भरून पलंगाशेजारी उभी. दुकानात एक दरवाजा अर्धवट पडला होता, लोक खोळंबले होते, आणि पाय तर दुखतच नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. तरी ती पलंगाजवळ वाकून, सावकाश बोलली. सलाईनमधून औषध चालू आहे, पण संसर्ग त्याच्या पुढे धावतोय. रॅम्पंट आहे. आज दुपारी दोन बोटं आणि त्यांच्या मागचा थोडा भाग काढू दिला तर पाय वाचेल. उद्या ते घोट्याच्या वर गेलं तर गुडघ्याखाली कापावं लागेल, आणि त्यानंतर जिवाचं सांगता येणार नाही.

मधलीबाईने सगळं सांगितलं. रॅम्पंटशी आल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जंतू पायात बेसुमार पसरलेत."

सुताराने मान डोलावली.

ती मान मधलीबाईच्या ओळखीची होती. "दादा, आता मला सांगा बघू, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"जंतू झालेत म्हणाल्या. औषध चालू आहे म्हणाल्या."

"आणि बोटं?"

"बोटं कापायचं म्हणाल्या. ते म्हणतातच हो ताई. माझ्या मेव्हण्यालाही म्हणाले होते, तो ठणठणीत आहे. मला दुखत नाही बघा काही. दुखत असतं तर मीच म्हटलं असतं, कापा."

तिने पुन्हा सांगितलं. या खेपेला शब्द बदलला. "जंतू माजलेत, दादा."

"माजलेत म्हणजे?" बायको उसळली. "आम्ही पाय धूत नाही असं वाटलं की काय तुम्हाला? रोज साबणानं धुते मी. माजायला काय उकिरडा आहे?"

"तसं नाही हो वहिनी..."

"मग कसं?"

डॉक्टरीणबाईला पलीकडच्या खोलीतून हाक आली. उठता उठता ती मधलीबाईला म्हणाली की आपण परत येऊ, पण फार वेळ नाही. त्यांनी नाहीच म्हटलं तर घरी जाऊ द्यावं लागेल, जबरदस्ती करता येत नाही. ती गेली. नियमाप्रमाणे मधलीबाईनेही उठायला हवं होतं.

ती उठली नाही. स्टूल थोडं पुढे ओढलं आणि पदर खोचला. मनात एवढंच होतं की हा माणूस जाणार असेल तर समजून उमजून जाऊ दे. पायाचा मालक तो. त्याने नाही म्हणावं, तो त्याचा हक्क. पण कशाला नाही म्हणतोय ते कळल्याशिवाय याला मी दाराबाहेर जाऊ देणार नाही, मग साहेब काय करायचं ते करोत. आपला शब्द याच्यापर्यंत पोचत नाही हे तिला दोनदा दिसलं होतं. म्हणजे शब्द याच्याकडूनच घ्यायला हवा.

"दादा, एक विचारू? तुमच्या कामातलं."

"विचारा की."

"तुमच्या कामात असं काय असतं, की जे एकदा लागलं की आवरत नाही? औषध मारा, काही करा, ते आपलं पुढे पुढेच जातं?"

सुताराला विचार करावा लागला नाही. "वाळवी."

"ती कशी?"

इतका वेळ मोजकंच बोलणारा माणूस एकदम मोकळा झाला. "ती खालून येते, ताई. दाराची चौकट असते ना, ती जमिनीत जिथे टेकते, तिथून शिरते. आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रंग तसाच, चकाकी तशीच. आतलं लाकूड खाऊन भुसा. मी पटाशीनं टोचून बघतो. लोण्यात गेल्यासारखी आत गेली की समजायचं."

"मग औषध?"

"औषध मारतो, पण ते वरच्या वर. आत गेलेल्या वाळवीला काय करणार तुमचं औषध? कापायचं. खालून वर कापत जायचं, चांगलं लाकूड लागेपर्यंत. आणि ते लागलं तरी थांबायचं नाही, चार बोटं अजून वर जायचं. तेवढं नाही केलं ना, तर सहा महिन्यांत अख्खं दार उतरवावं लागतं. मग नवा तुकडा घ्यायचा, जोड द्यायचा, रंधा मारायचा. दार उभं राहतं."

"आणि घरमालक? तो काय म्हणतो?"

"त्याचं काय विचारता!" सुतार वैतागून हसला. "तो म्हणतो, अहो, चांगलं तर आहे. दार लागतंय, उघडतंय, कुरकुरतसुद्धा नाही. तुम्हाला काम काढायचंय म्हणून सांगता. मी म्हणतो, बाबा रे, लाकूड कधी ओरडतं का? त्याला दुखतं का? ते न कुरकुरता..."

तो थांबला.

मधलीबाईला बोलायची फार घाई झाली होती, आणि ती आवरायला तिला स्टुलाची कड धरावी लागली. सुतार आपल्या बँडेज बांधलेल्या पावलाकडे बघत राहिला. बायको एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होती.

"वाळवी लागलीय म्हणता," तो शेवटी म्हणाला.

"मी नाही म्हणत, दादा. डॉक्टरीणबाई जो शब्द बोलल्या ना, त्याचा अर्थ हा. मला तो मघाशी सांगता आला नाही."

"कुठवर चढलीय?"

"ते त्यांनाच विचारू."

ती स्वतः जाऊन डॉक्टरीणबाईला घेऊन आली. तिथे उभ्या उभ्या तिने सगळं सांगून टाकलं, की मी तुमच्या मागे थांबले, मी यांना प्रश्न विचारले, आणि त्यांनी वाळवी म्हटलं. डॉक्टरीणबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि ओरडण्याऐवजी पायाचा एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडांच्या मध्ये बारीक काळे ठिपके होते. ती म्हणाली, हा वायू. जंतूंनी आत केलेला. हे ठिपके बोटांच्या मागे, इथपर्यंत आहेत.

सुताराने वाकून बघितलं. घोट्यापासून बोटांकडे आणि पुन्हा मागे, अशी त्याची नजर फिरली. मग तो मधलीबाईला म्हणाला, "त्यांना विचारा, बोटं आणि थोडा भाग म्हणतात, तिथे चांगलं लाकूड लागलंय का? खात्रीनं?"

मधलीबाईने हा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत नेला. डॉक्टरीणबाईने खरं ते सांगितलं. खात्री नाही. मला विचाराल तर अर्धं पाऊल काढायला हवं, सगळ्या बोटांसकट, इथून आडवं. पण हे एका बोटालाही तयार नव्हते. म्हणून कमीत कमी जे चालेल असं वाटलं, तेवढंच मागितलं.

आता मधलीबाईची खरी पंचाईत झाली. इतक्या खटपटीने माणूस दोन बोटांपर्यंत आला होता. अर्धं पाऊल ऐकलं आणि पिशवी उचलून चालता झाला तर? हे एवढं वाक्य गिळलं असतं तर कोणाला कळणार होतं? दोन बोटं तरी पदरात पडली असती. पण बाबांना "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्या त्या सगळ्या जावयांची तिला चीड होती, आणि त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहणं तिला मरेपर्यंत जमलं नसतं. तिने सगळं सांगितलं. अर्धं पाऊल, सगळी बोटं, आणि डॉक्टरीणबाईंनी आधी कमी का मागितलं तेही.

"नको!" बायको म्हणाली. ती रडायलाच लागली. "घरी चला. मघाशी दोन बोटं होती, आता अर्धा पाय झाला. अजून थांबलो तर अख्खा मागतील. ताई, तुम्ही आल्याच नसतात तर बरं झालं असतं!"

ते मधलीबाईला फार लागलं. नोकरीत पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं होतं, पण हे आत जाऊन बसलं, कारण त्यात तथ्य होतं. ती आली नसती तर या बाईच्या नवऱ्याचं पाऊल आज तरी शाबूत घरी गेलं असतं. तिने माफी मागितली नाही, समजूतही काढली नाही. बायकोचं बोलणं डॉक्टरीणबाईला इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, स्वतःबद्दलच्या वाक्यासकट.

सुतार बायकोला म्हणाला, "अगं, लोकांच्या दाराला मी चार बोटं वर जाऊन कापतो. अर्धवट काम करून पैसे घेतले असते तर दुकान कधीच बंद पडलं असतं. आणि माझ्या पायाचं काम अर्धवट करून घेऊ?"

"दार वेगळं, पाय वेगळा," बायको हुंदका आवरत म्हणाली.

"वेगळा आहेच. दाराला नवं लाकूड जोडता येतं, पायाला नाही. म्हणूनच जे चांगलं उरलंय ते घालवायचं नाहीये मला."

पाय वाचला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. लोकांचा जीव टांगणीला लावून ठेवण्यात काही मौज नाही. अर्धं पाऊल गेलं, घोटा राहिला, टाच राहिली, आणि तीन-चार महिन्यांनी सुतार पुढे बोळा भरलेला बूट घालून दुकानात उभा राहिला. साहेबांनी मधलीबाईला बोलावून नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. डॉक्टर उठले की उठायचं, हे वाक्य दोनदा वाचलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि छानपैकी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती पेशंटजवळ आणखी थोडी जास्त थांबू लागली.

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी अजून पलंगाभोवती चौघंच होती, आणि नर्स पायाचं बँडेज उलगडून गेली होती. डॉक्टरीणबाईने जांभळ्या शाईचं पेन काढलं. कापायच्या आधी पेशंटसमोर रेघ मारून ठेवतात, म्हणजे आत गेल्यावर कोणाचा गोंधळ होत नाही. ती वाकणार इतक्यात सुताराने हात पुढे केला.

"विचारा त्यांना, रेघ मी मारली तर चालेल का? त्या म्हणतील तिथंच मारतो. मारल्यावर त्यांनी तपासावी."

मधलीबाईने विचारलं. डॉक्टरीणबाईला असं आजवर कोणी विचारलं नसावं. तिने पेन त्याच्या हातात दिलं आणि पावलावर एका बाजूला बोट टेकवलं, मग दुसऱ्या बाजूला. इथून इथे.

सुतार पुढे वाकला. पाऊल उशीवर होतं, उशी मऊ, आणि हात लागला की पाऊल डुगडुगत होतं. त्याने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. रेघ येईना. मधलीबाईला ते बघवेना. तिच्याकडे दोन्ही भाषांत शब्द होते आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता.

"धर जरा," सुतार मान वर न करता म्हणाला.

दुकानात करवत चालताना फळीचं दुसरं टोक धरायला लग्नानंतर कायम बायकोच उभी राहिली होती. तिने पिशवी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले, पलंगाच्या पायथ्याशी आली आणि नवऱ्याचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"धरलंय," ती म्हणाली. "मारा आता."